वैद्यांना हसणारा रोगी

श्रीरंग, तुझी हॉस्पिटलमधली पिशवी परवा माझ्याकडे आली. तिथल्या फॉर्मवर जवळची व्यक्ती म्हणून तू माझं नाव घातलं होतंस, त्यामुळे पिशवी न्यायला या म्हणून मलाच फोन आला. आत तुझा चष्मा, चार्जर, लोकरी मोजे, बोटाला लावायचा तो ऑक्सिमीटर आणि एक वही. वही मी लगेच उघडली नाही. लॅटिन असेल, आपल्याला काय कळणार, म्हणून बाजूला ठेवली. चहा टाकला, तो उतू गेला, शेगडी पुसली आणि मग बसले वही घेऊन.

तुला जाऊन आज नऊ दिवस झाले. काल मिरजेहून मंजूताईंचा फोन आला. तुझी थोरली बहीण, आईच्या माघारी तिनेच तुला वाढवलं, हे तुझ्याकडून मी शंभरदा ऐकलं होतं. पण आम्ही दोघी धड बोललो ते तू गेल्यावर. साथीमुळे विमानं बंद. तुझे अंत्यसंस्कार त्यांनी मोबाइलवर लिंक उघडून पाहिले, आणि मध्येच नेटवर्क गेलं म्हणून शेवटचं पाहायचं राहिलं ते राहिलंच. काल त्या म्हणाल्या, "डॉक्टरताई, तुमचे उपकार कसे फेडायचे? परक्या मुलखात तुम्ही त्याच्याजवळ होतात, म्हणून आम्हाला घोर नव्हता."

मी म्हणाले, "अहो, त्यात काय एवढं."

श्रीरंग, मी खरंच असं म्हणाले. दुसऱ्याचं सामान उचलावं तसे ते आभार उचलले आणि फोन ठेवला. त्यांना जे सांगायला हवं होतं ते सांगितलं नाही. ते सांगायचं की नाही, हे काही मला ठरवता येईना. म्हणून आधी तुझ्याशी बोलते आहे. तुझ्याशी भांडल्याशिवाय माझं डोकं कधी चाललंय?

आपली पहिली भेटही भांडणाचीच होती. फोरबर्गला इथल्या मराठी मंडळाचा दिवाळी फराळ होता, रविवारची दुपार. मी स्वयंपाकघरात एका बाईंचा घसा मोबाइलच्या टॉर्चने बघत होते. शेजारी तू चकली खात उभा. म्हणालास, "रोममध्ये असतीस तर आतापर्यंत चार कवींनी तुला धुऊन काढलं असतं." मी विचारलं, तू कोण? म्हणालास, "मी त्या कवींकडे नोकरीला आहे." मग कळलं की तू इथल्या विद्यापीठात प्राचीन रोमच्या उपहासकवितांवर संशोधन करतोस, आणि त्यातही त्या कवितांमधल्या वैद्यांवर. मिरजेचा मुलगा आणि लॅटिन, म्हणून मला हसू आलं. तू गंभीर चेहरा करून म्हणालास, "ताई, मिरजेत दगड भिरकावला तर डॉक्टरला लागतो. मी फक्त दगड शोधायला रोमला गेलो."

हे वाक्य टाकण्याआधी तू थांबला होतास. तुझी ती सवयच होती. अर्धं वाक्य बोलायचं, क्षणभर गप्प बसायचं, समोरच्याला वाट पाहायला लावायची आणि मग टोला हाणायचा. पुढे मला त्या थांबण्याची इतकी सवय झाली की तू थांबलास की मी आधीच हसायला सुरुवात करायचे.

तुझे वडील, आबा, मिरजेत एका डॉक्टरांकडे जन्मभर कंपाउंडर होते. डॉक्टर आत निदान करायचे आणि आबा बाहेर बाटलीत लाल औषध भरून, खाचा पाडलेली कागदाची पट्टी बाटलीवर चिकटवायचे, एक खाच म्हणजे एक डोस. तू सांगायचास की पेशंट आत डॉक्टरसमोर हात जोडायचे आणि बाहेर आले की औषधाची वाट बघत आबांपुढे त्याच डॉक्टरची नक्कल करायचे. डॉक्टर कसे चष्म्यावरून बघतात, "जीभ दाखवा" कसं म्हणतात. आबा हसायचे नाहीत, पण कुणाला थांबवायचेही नाहीत. "माझा प्रबंध त्या खिडकीपाशी सुरू झाला," असं तू म्हणायचास. "रोममध्ये फक्त ती नक्कल करणाऱ्यांना लिहिता येत होतं."

मला तुझ्या कवींचा रागच यायचा. मी बारा वर्षं सिंहगड रस्त्याला प्रॅक्टिस केलेली बाई. पेशंट किती गोड बोलतो आणि बरा झाल्यावर कसा रस्ता ओलांडून पलीकडच्या फुटपाथने जातो, हे मी पाहिलंय. मी म्हणायचे, तुझे कवी कृतघ्न. वैद्याला बोलावणार, त्याच्याकडून बरे होणार, आणि मग त्याच्यावरच दोन ओळी लिहून गावभर हशा पिकवणार. तू म्हणायचास, "मराठीने तर तेवढंही लांबवलं नाही. गरज सरो, वैद्य मरो. चार शब्दांत सगळं रोमन काव्य उरकलं." मग शांतपणे समजवायचास. "ताई, वैद्यावर कविता करणारा माणूस वाचलेला असतो. मेलेला कुठून लिहिणार? ही टिंगल म्हणजे भीती उतरल्यावरचं हसू आहे."

मी विचारायचे, मग जे वैद्याच्या हातून मेले त्यांचं काय?

ह्याचं उत्तर तू दर वेळी वेगळं द्यायचास. कधी म्हणायचास, त्यांच्या वतीने वाचलेला लिहितो. कधी म्हणायचास, बघतो, पुढच्या प्रकरणात घेतो. ते पुढचं प्रकरण आता कुणी लिहायचं ते सांग.

एकदा तू सांगितलंस की रोममध्ये वैद्य व्हायला ना परीक्षा होती ना परवाना. ज्याने स्वतःला वैद्य म्हटलं तो वैद्य. त्यात पुष्कळसे ग्रीक, परक्या देशातून आलेले, कित्येक तर गुलाम. रोमन माणसाला त्यांच्याशिवाय चालायचं नाही आणि त्यांच्यावर भरवसाही ठेवायचा नाही. हे सांगून झाल्यावर माझ्याकडे बघून म्हणालास, "तुझं उलटं झालंय. तुझ्याकडे पदवी आहे, परीक्षा आहेत, अनुभव आहे, आणि स्वतःला डॉक्टर म्हणायची मात्र सोय नाही."

हे दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी त्याला पुन्हा घरात घेतलं नसतं. नवऱ्याची, संजयची, बदली झाली म्हणून मी इथे आले. डच शिकले, भाषेची परीक्षा दिली, पास झाले. मग वैद्यकीय ज्ञानाची परीक्षा दिली आणि नापास झाले. पुन्हा दिली, पुन्हा नापास. तिसऱ्यांदा फॉर्म भरलाच नाही आणि हूफडॉर्पच्या एका ऑफिसात औषधचाचण्यांची माहिती कॉम्प्युटरवर भरायची नोकरी धरली. मंडळात मात्र मी डॉक्टरताईच राहिले. कुणाच्या मुलाच्या पाठीवर पुरळ आलं की त्याचा फोटो मला. इथल्या फॅमिली डॉक्टरला हाउसआर्ट्स म्हणतात, आणि त्याच्यावरचा आपल्या लोकांचा विनोद तुला ठाऊकच आहे. पाय मोडला तरी तो पॅरासिटामॉल घ्या आणि आठवड्याने फोन करा म्हणणार. ह्या विनोदावर सगळ्यात मोठ्याने मी हसायचे. आंधळ्या गाईत लंगडी गाय शहाणी, असं मनाशी म्हणायचे आणि तरी खूश व्हायचे.

तू माझ्यावरही दोन ओळी लिहिल्यास. रोमन घाटाची, अस्सल मराठी द्विपदी, असं जाहीर करून माझ्याच डायनिंग टेबलावर वाचून दाखवलीस:

हूफडॉर्पची वैद्यबाई फोनवरती नाडी बघे,
रोगी बरा आपसूक होई, श्रेय तेवढे बाई घे.

संजय इतका हसला की त्याला ठसका लागला. मी तुला जेवायला वाढणार नाही म्हणाले आणि मग दोनदा वाढलं. त्या दिवशी मला वाईट वाटलं नव्हतं, हे तुला कधी सांगितलं नाही. उलट बरं वाटलं. रोममध्ये ज्याची टिंगल होते तो निदान वैद्य तरी असतो. ह्या देशात मला वैद्य समजून चिडवणारा तू एकटाच होतास.

मग ही साथ आली. पहिल्या दिवसांत एका संध्याकाळी सगळ्या देशाने दारात उभं राहून डॉक्टर-नर्सेससाठी टाळ्या वाजवल्या. मीही बाल्कनीत जाऊन वाजवल्या. तुझा फोन आला. "दोन हजार वर्षांत पहिल्यांदाच टिंगल बंद पडलीय, माझी नोकरी जाणार," म्हणालास. नंतर विचारलंस, "तू कुणासाठी वाजवल्यास, ताई?" मी म्हणाले, डॉक्टरांसाठी.  पुढचा प्रश्न तू गिळलास, आणि तो गिळलास हे मला कळलं, त्याबद्दल मी तुझी ऋणी आहे.

मी त्या आठवड्यात दोन ठिकाणी ईमेल केली होती, मला कामाला घ्या, काहीही करीन म्हणून. फार सभ्य उत्तरं आली. नोंदणी नसल्यामुळे शक्य नाही, पण आपली भावना आम्हाला मोलाची वाटते. मग काय, फोन होताच. मंडळातल्या प्रत्येक तापाचा हिशेब माझ्याकडे. वाफ घ्या, पाणी प्या, पालथे झोपा, दर चार तासांनी ताप लिहून ठेवा. पहिलं वर्ष सगळे बरे झाले. तुझी द्विपदी खरी होती, ते आपसूकच झाले. पण श्रेय मी घेतलं.

आणि ह्या जानेवारीत तू आजारी पडलास.

रविवारी ताप, मंगळवारी टेस्ट पॉझिटिव्ह. तू एकटा राहतोस, म्हणून मी रोज दोनदा फोन करत होते. ताप उतरला, खोकला राहिला. ऑक्सिमीटर मीच तुला मागवायला लावला होता. गुरुवारी दुपारी मी ऑफिसचं काम बाजूला सारून तुला फोन केला. त्या फोनमधलं अक्षर न् अक्षर मला पाठ आहे. तू म्हणालास, "ताई, एकोणनव्वद आलेत. संस्कृतला... दहावीला... एवढेच पडले होते." मी हसले. तू म्हणालास, "मशीन... विनोदी... दिसतंय." मी आणखी हसले.

मग मी डॉक्टरकी पाजळली. तुझं घर गारठलेलं असतं, बोटं थंड असली की आकडा खोटा कमी दाखवतो. हे खरं आहे, पुस्तकात आहे. मी म्हणाले, हात चोळ, गरम पाण्याने धू, दहा मिनिटांनी परत लाव आणि मला कळव. वीस मिनिटांनी तुझा मेसेज आला. चौऱ्याण्णव. पुढे अंगठा वर केलेला. मी उत्तर दिलं, शाब्बास, ह्यालाच म्हणतात निदान.

शुक्रवारी तू फोनवर बोलला नाहीस, झोप येतेय असा मेसेज केलास. मी म्हटलं, झोप, विश्रांतीच हवी. शनिवारी सकाळी तू उत्तर देईनास, म्हणून तुझ्या खालच्या मजल्यावरच्या आजींना मी फोन लावला. त्यांनी किल्लीने दार उघडलं आणि रुग्णवाहिका बोलावली. पुढचे अकरा दिवस तू ज्यांच्या हातात होतास त्यांच्याकडे परवाने होते, यंत्रं होती, आणि तुला वाचवायची त्यांनी पराकाष्ठा केली. तोवर फार उशीर झाला होता.

आता वहीबद्दल. त्यात लॅटिन नव्हतं. त्या आठवड्याचा तुझा तक्ता होता, पट्टीने रेघा मारलेला, कंपाउंडरच्या मुलाला शोभेलसा. वेळ, ताप, ऑक्सिजन. गुरुवार दुपार, एकोणनव्वद. त्याखाली दहा मिनिटांनी, अठ्ठ्याऐंशी. त्याखाली, परत अठ्ठ्याऐंशी. शुक्रवारचे आकडे मी इथे लिहीत नाही, माझ्याने लिहवत नाहीत. चौऱ्याण्णव कुठेच नाही. मी सगळी पानं उलटून पाहिली. नाही.

का रे? हात धुतलेस, पुन्हा मोजलंस, अठ्ठ्याऐंशी बघितलंस आणि मला चौऱ्याण्णव कळवलंस. हॉस्पिटलची भीती वाटली का? एकट्याने आत जायचं आणि कुणाचं तोंड दिसायचं नाही, ह्याची? की डोकंच नीट चालत नव्हतं, ऑक्सिजन कमी झाला की तसंही होतं? की मी इतक्या झोकात थंड बोटांचं निदान सांगितलं, ते खोटं पाडायला तुझं मन झालं नाही? दोन दिवस मी ह्या तिसऱ्या शंकेपाशीच येऊन थांबते आहे. जगातल्या सगळ्या वैद्यांना हसणारा तू, आणि माझी चूक मात्र तुला झाकावीशी वाटली. ती एकदा उघडी पाडायची होती रे. तुझ्या कवींनी पाडली असती.

ह्या आकड्यामागे मी लपू शकते, हे मला वही बघताक्षणी सुचलं. तेवढी मी हुशार आहे. त्यानेच खोटं सांगितलं, फोनवरच्या डॉक्टरने काय करायचं? पण त्या आकड्याची गरजच नव्हती, श्रीरंग. तू दोन-दोन शब्दांवर थांबत होतास. धाप लागलेला माणूस असा बोलतो, हे पहिल्या वर्षाच्या शिकाऊ डॉक्टरलाही कळतं. मी ते थांबणं ऐकलं, अगदी स्पष्ट ऐकलं, आणि मला वाटलं तू टोल्याच्या आधी थांबतोयस. तू थट्टा करत होतास म्हणून मी तुला बरा समजले. खोल्या भरून पेशंट तपासलेली बाई मी, आणि तुझा श्वास मी विनोद म्हणून ऐकला.

आणखी एक आहे, ते सगळ्यात वाईट. गुरुवारी हसता हसता माझ्या मनात एकदा आलं होतं की ह्याला सांगावं, हाउसआर्ट्सला फोन कर. आलं आणि गेलं. कारण ते सांगितलं असतं तर तू त्याचा पेशंट झाला असतास. इतक्या वर्षांनी माझ्याकडे एक खराखुरा रोगी होता, तक्ता ठेवणारा, दोन वेळा माझ्या फोनची वाट पाहणारा. तो मला सोडवेना. हे मी संजयलाही सांगितलेलं नाही.

तुझ्यावर मी रागावलेही आहे. पाच वर्षांचा प्रबंध अर्धा टाकून गेलास, माझ्या प्रश्नाचं उत्तर न देता गेलास. आणि तरी, त्या सगळ्या वर्षांत तू मला जे दिलंस ते इथल्या कुठल्याही कार्यालयाने दिलं नाही. तू मला डॉक्टर ठेवलंस. त्याच्यापायी तुझा जीव जावा, एवढी मोठी नव्हती रे माझी डॉक्टरकी.

एवढं लिहून झालं आणि आज दुपारी मी मंजूताईंना फोन लावला. त्यांनी आधी माझ्याच तब्येतीची चौकशी केली, जेवलात का विचारलं. मी म्हणाले, मला काही सांगायचंय, मध्ये बोलू नका. मग गुरुवारचं सगळं सांगितलं. एकोणनव्वद, हात चोळायला लावले ते, चौऱ्याण्णवचा मेसेज, वहीतला अठ्ठ्याऐंशी. मी हसले तेही. हाउसआर्ट्सला फोन कर असं म्हटलं नाही, आणि का म्हटलं नाही, तेही. कालचे आभार मला परत करायचे आहेत, असं म्हणाले.

 मला वाटलं, त्या आता फोन ठेवतील. मग त्या हळू आवाजात म्हणाल्या, "गुरुवारी संध्याकाळी त्यानं मलाही फोन केलावता. बोलता बोलता सारखा थांबायचा. दोन शब्द बोलला की श्वास घ्यायचा.  म्हणणार होते, ऊठ आणि आत्ताच्या आत्ता दवाखान्यात जा. तोंडापर्यंत आलं होतं. मग म्हटलं, डॉक्टरताई आहेत ना तिथं, रोज बघतात त्याला. त्यांना कळत नसेल का? आपण अडाणी माणसांनी कशाला मध्ये बोलायचं. म्हणून गप्प बसले."

मी म्हणाले, "मंजूताई, तुम्हाला बरोबर ऐकू आलं होतं."